पडद्याची चौकट आणि नवी पेठेतले अ‍ॅक्रिलिकचे दुकान

जुने व्हिडिओ गेमचे एक कपाट (पार्लरमध्ये असायचे तसे, पडदा बसवलेले खेळाचे यंत्र) मी भंगारातून आणून दुरुस्त करीत असून, त्याच्या पडद्याभोवतीची पुठ्ठ्याची काळी चौकट वाळवीने खाल्ल्यामुळे सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानातून ३ मिलिमीटर जाडीच्या काळ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये नवी कापून घेतली.

या कपाटाचा पडदा म्हणजे जुन्या टीव्हीत असे तशी १९ इंची पिक्चर ट्यूब; तिची काच फुगीर असते. त्यामुळे सपाट चौकट कडांच्या मध्यावर टेकली तरी कोपऱ्यांत फट राहते आणि आतल्या वायरी दिसतात. दुकानदारांनी हे ऐकताच, "आधी पुठ्ठ्याचा नमुना बसवून आणा, मगच शीटला हात लावतो," असे सांगितले. तिसऱ्या नमुन्याला माप जमले, आणि शीट वाया गेली नाही. लेझरने कापलेली आतली कड मात्र काचेसारखी चमकते व चित्राचा उजेड तिच्यावर पडतो, म्हणून ती मला घरी पॉलिश पेपरने घासून तिची चमक घालवावी लागली.

तक्रार एकच. उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक फुगते, तेव्हा ४ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी ५ मिलिमीटरचे भोक हवे, असे लिहून देऊनही भोके नेमकी स्क्रूच्या मापाची पाडली गेली. एप्रिलमध्ये, सोलापूरच्या उन्हात, एक कोपरा तडकला. नवी चौकट त्यांनी निम्म्या दरात दिली. चूक त्यांची असल्याने ती फुकट मिळायला हवी होती.

बसवण्याचे काम मी टीव्ही मेकॅनिकवर सोपवले, कारण वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब उरलेला असू शकतो.