अर्धा इंची टॉर्क रेंच: पिकअपची कामं दारात करणाऱ्यांनी घ्यावाच

माझी बोलेरो पिकअप निफाडहून कांदा घेऊन वाशीला जाते. ऑइल, ब्रेक लायनर, पाटे, चाकं ही कामं मी दारातच करतो. त्यासाठी क्लिकवाला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक् करणारा पाना घेतला: अर्धा इंच ड्राइव्ह (सॉकेट बसतं ते चौकोनी टोक), 40 ते 210 न्यूटन मीटर (आवळायचा जोर मोजायचं एकक), किंमत साडेचार हजार. माझ्या मते पैसे वसूल आहेत, आणि ते मुख्यतः चाकांसाठी.

चाकाचा नट आवळला की स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा बोल्ट, किंचित ताणला जातो. त्या ताणाने चाकाची डिस्क हबवर (चाक बसतं त्या भागावर) दाबली जाते आणि भार त्या दाबावर पेलला जातो. ताण कमी पडला तर चाक सूतभर हलतं, भोकं लांबट होतात आणि एक दिवस स्टड तुटतो. जास्त झाला तर स्टड कायमचा लांबतो, परत आवळून उपयोग नाही. भरल्या गाडीने कसारा घाट उतरायचा तर हे दोन्ही नको. टायरवाले एअर गन लावून मोकळे होतात. एकाने आवळलेले नट सोडवायला मला व्हील पान्यावर उभं राहावं लागलं होतं, आणि त्याच चाकाचा एक नट नुसत्या हाताच्या जोरानेच सुटला. आता पंक्चर काढून आलं की नट ढिले करून पुन्हा स्वतः आवळतो: समोरासमोरचे, आधी निम्म्या आकड्यावर, मग टायर जमिनीला टेकवून पूर्ण. पन्नास-शंभर किलोमीटर चालली की परत एकदा.

हातात पाना चांगला बसतो. बुडाचं लॉक ओढून मूठ फिरवायची, अंगावरची रेघ आणि मुठीवरचा आकडा जुळला की लॉक सोडायचं. कंप्रेसर चालू असला तर टक् ऐकू येत नाही, पण मूठ हातात जराशी मोडल्यासारखी वाटते. तिथेच थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा टक्-टक् करणारे बरेच पाहिलेत. तसं केलं की आकडा ओलांडला.

पाना अचूक असला तरी आटे घाण असतील तर आकडा खोटा पडतो, ही गोष्ट कोणताच दुकानदार सांगत नाही. आपला जवळजवळ नव्वद टक्के जोर आट्यांत आणि नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून गंजलेल्या स्टडवर 100 वर टक् झालं तरी ताण कमी असतो, आणि ग्रीस लावलेल्या स्टडवर तोच आकडा जास्त ताण देतो. मी तारेच्या ब्रशने आटे घासतो आणि कोरडेच ठेवतो; तेल लावायचं तर मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेल तरच. आकडाही मॅन्युअलमधलाच घ्या. बोल्टच्या डोक्यावरचा मजबुतीचा नंबर बघा: 12 मिलिमीटरचा 8.8 साधारण 80-85 न्यूटन मीटरला आवळतात, तोच 10.9 असेल तर 115-120 ला. जुन्या पुस्तकांत आकडे किलो-मीटरमध्ये असतात, त्यांना 9.8 ने गुणा.

उणिवा आहेत. आकडे कोरलेले नाहीत, छापलेले आहेत, आणि ग्रीसच्या हाताने ते पुसट होत चाललेत. 40 च्या खाली हा पाना कामाचा नाही, त्यामुळे टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) 6 मिलिमीटरच्या बोल्टांना पाव इंची वेगळा लागतो. मोठ्या ट्रकच्या चाकांचे 22 मिलिमीटरचे नट पाचशे-सहाशेच्या घरात जातात, तिथे पाऊण इंची ड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही. याला पाइप लावायचा विचारही करू नका.

नट सोडवायला साधी टॉमीच (सॉकेटचा लांब दांडा) वापरा. काम झालं की स्प्रिंग सैल करून सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवा, त्याच्याही खाली नाही. वर्षाकाठी किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का याची तपासणी) करून घ्यायचं असतं. घेताना खोक्यातल्या सर्टिफिकेटवरचा नंबर आणि पान्यावरचा नंबर दुकानातच जुळवून बघा. जुळला नाही तर पाना तिथेच ठेवून या.