डेटा गव्हर्नन्सची परिपक्वता मोजायची, पण कोणत्या मॉडेलने?

डेटा गव्हर्नन्स, म्हणजे संस्थेच्या डेटाचा कारभार, सुरू करायचं ठरलं की पहिल्या एक-दोन बैठकांतच विषय निघतो: आपण आज नेमके कुठे आहोत? मग मॅच्युरिटी मॉडेलांचा, म्हणजे संस्था परिपक्वतेच्या कोणत्या पायरीवर आहे ते मोजणाऱ्या चौकटींचा, शोध सुरू होतो. माझं म्हणणं असं की मॉडेलच्या आधी व्याख्या ठरवा. प्रत्येक मॉडेलमागे गव्हर्नन्सची एक व्याख्या गृहीत धरलेली असते आणि मोजणी तिच्याप्रमाणेच होते. व्याख्या न ठरवता मोजलं, तर आलेल्या गुणांचं काय करायचं हे कुणालाच सांगता येत नाही.

दोन व्याख्या

डामा या व्यावसायिक संघटनेच्या डीएमबॉक ग्रंथातली व्याख्या अधिकार आणि नियंत्रणावर उभी आहे. डेटा ही मालमत्ता आहे, तिच्या व्यवस्थापनावर अधिकार चालवायचा, म्हणजे नियोजन करायचं, देखरेख ठेवायची, नियमांची अंमलबजावणी करायची. डेटा गव्हर्नन्स इन्स्टिट्यूटची व्याख्या निर्णयाच्या हक्कापासून सुरू होते: कोणत्या माहितीवर कोणी, केव्हा, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या पद्धतीने काय करायचं, आणि त्याला उत्तरदायी कोण.

दोन्ही एकच सांगतात असं वरवर वाटेल, पण कामाला लागलं की फरक जाणवतो. समजा, किती महिने खरेदी झाली नाही म्हणजे ग्राहक ‘बंद’ धरायचा, यावर विक्री विभाग आणि लेखा विभाग यांचं एकमत नाही. पहिली व्याख्या धरणारी संस्था धोरण लिहील, नियम पाळला जातो का ते तपासेल. दुसरी व्याख्या धरणारी संस्था आधी विचारेल की हा निर्णय कोणाचा, आणि वाद मिटला नाही तर तो कोणाकडे जाईल. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी दुसरी व्याख्या घ्यावी, असं मी ठामपणे सांगेन. निर्णय घेणारा माणूस ठरलेला नसताना लिहिलेलं धोरण कोणी पाळत नाही, कारण ते मोडल्यावर विचारणारं कोणी नसतं.

एक गल्लत मात्र दोन्हीकडे टाळायला हवी. बॅकअप घेणं, डेटा साफ करणं, एका सिस्टिममधून दुसरीत नेणं हे डेटा व्यवस्थापन झालं. ‘साफ’ कशाला म्हणायचं हे ठरवणं म्हणजे गव्हर्नन्स. अनेक संस्था साफसफाईचं टूल विकत घेतात आणि गव्हर्नन्स आलं असं समजतात.

मॉडेलं

बहुतेक मॉडेलांचं मूळ एकच: कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात सॉफ्टवेअर प्रक्रियांसाठी आखलेल्या पाच पायऱ्या. पहिल्या पायरीवर सगळं व्यक्तींच्या भरवशावर चालतं, पाचवीवर सतत सुधारणा होत राहते. आयबीएमच्या पुढाकाराने 2007मध्ये आलेलं 11 विभागांचं गव्हर्नन्स मॉडेल याच घराण्यातलं.

त्या पाच पायऱ्यांतूनच पुढे वाढलेली चौकट म्हणजे सीएमएमआय. ती सांभाळणाऱ्या सीएमएमआय इन्स्टिट्यूटने 2014मध्ये डेटा व्यवस्थापनासाठी डीएमएम हे वेगळं मॉडेल काढलं. त्यात 25 प्रक्रिया-क्षेत्रं होती आणि गव्हर्नन्स हा त्यातला एक भाग. स्वतंत्र मॉडेल म्हणून ते आता बंद झालं आहे; तो विषय सीएमएमआयच्या मुख्य चौकटीत घेतला गेला. त्याच्या जुन्या प्रश्नावल्या अजून फिरत असतात. त्या वाचून शिकायला हरकत नाही, पण नवा कार्यक्रम त्यांच्यावर उभारू नका. संस्थेत सीएमएमआय आधीच रुजलेलं असेल, तर त्याची डेटाविषयक क्षेत्रं वापरणं सरळ पडतं.

खरी निवड माझ्या मते डीकॅम आणि स्टॅनफर्ड या दोघांतच आहे.

डीकॅम हे ईडीएम कौन्सिलचं मॉडेल. ही संघटना वित्तक्षेत्रातून वाढली. 2008च्या आर्थिक संकटात मोठ्या बँकांना आपली एकूण जोखीम किती हे वेळेत बेरीज करून सांगता आलं नाही. त्यातून बॅंकिंग पर्यवेक्षणाच्या बासेल समितीने जानेवारी 2013मध्ये जोखमीच्या डेटाची बेरीज आणि अहवाल यांबद्दलची बीसीबीएस 239 ही तत्त्वं जाहीर केली. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली की डीकॅमचा स्वभाव कळतो: दाव्यामागे पुरावा हवा. त्याच्या सहा पायऱ्यांत ‘सुरुवातच नाही’ आणि ‘अजून कल्पनेतच आहे’ या दोन वेगळ्या आहेत, आणि ‘पद्धत ठरली आहे’ व ‘पद्धत प्रत्यक्षात चालू आहे’ याही वेगळ्या. हा भेद मला फार मोलाचा वाटतो, कारण संस्था सर्वांत जास्त फसतात त्या इथेच. निधीपासून तंत्रज्ञानाच्या रचनेपर्यंत त्याचा पल्ला मोठा आहे. पण सगळा पल्ला तपासायचा तर प्रशिक्षित माणसं लागतात, सदस्यत्वाचा किंवा परवान्याचा खर्च येतो आणि विभागप्रमुखांचा बराच वेळ जातो.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने स्वतःच्या कामासाठी बनवलेलं मॉडेल आटोपशीर आहे. जाणीव, औपचारिक रचना आणि मेटाडेटा (डेटाविषयीची माहिती) हे तीन पायाभूत घटक. स्टुअर्डशिप (डेटाची काळजी घेण्याची जबाबदारी), डेटाची गुणवत्ता आणि मास्टर डेटा (ग्राहक, उत्पादन अशा अनेक विभागांना लागणाऱ्या मूळ नोंदी) हे तीन प्रकल्पांशी जोडलेले. प्रत्येक घटक माणसं, धोरणं आणि क्षमता अशा तीन बाजूंनी तपासला जातो. पाच पायऱ्यांच्या जोडीला मोजता येण्याजोगी परिमाणंही आहेत. किती डेटा-घटकांना लिखित व्याख्या आहे, यासारखी. म्हणून चर्चा मतांवर अडकून राहत नाही. उणीव मोठी आहे: सुरक्षा आणि गोपनीयता यांना स्वतंत्र घटक नाही. त्या तुम्हालाच जोडाव्या लागतील.

डीएमबॉक या स्पर्धेत धरू नका. त्याची दुसरी आवृत्ती 2017ची. गव्हर्नन्स मध्यभागी ठेवून 11 ज्ञानक्षेत्रं मांडणारा तो संदर्भग्रंथ आहे. शब्द आणि भूमिका ठरवायला उत्तम, गुण द्यायला नाही.

मग कोणतं घ्यायचं?

नियामकासमोर उत्तर द्यावं लागत असेल आणि संस्था मोठी असेल तर डीकॅम. तिथे खर्चावरून मागेपुढे करण्यात अर्थ नाही. इतर बहुतेकांनी स्टॅनफर्ड घ्यावं आणि त्यात सुरक्षा-गोपनीयतेचा सातवा घटक टाकावा. एकाही महत्त्वाच्या रिपोर्टला डेटा ओनर, म्हणजे त्यातल्या डेटाला उत्तरदायी माणूस, नसेल, तर तूर्त कोणतंच मॉडेल नको. निकाल आधीच माहीत आहे: पहिली पायरी. तो वेळ दोन-तीन रिपोर्टना मालक नेमण्यात घालवा.

मॉडेल कोणतंही असो, सर्व घटकांची सरासरी काढू नका. मेटाडेटा पहिल्या पायरीवर आणि गुणवत्ता तपासणी पाचवीवर असेल, तर ‘आम्ही तिसऱ्या पायरीवर’ या वाक्यातून काहीच कळत नाही. गुण देताना विभागप्रमुखांइतकंच रोज नोंदी भरणाऱ्यांनाही विचारा. दोघांच्या उत्तरांत जिथे मोठी तफावत असेल, तिथे आधी पुरावा मागा. सगळीकडे पाचवी पायरी गाठण्याचा हट्टही सोडा. क्वचित वापरल्या जाणाऱ्या अंतर्गत यादीला दुसरी पायरी पुरते. आर्थिक अहवालात जाणाऱ्या आकड्यांना ती चालणार नाही.

पुढची मोजणी साधारण वर्षाने, त्याच प्रश्नांवर करा. मध्येच मॉडेल बदललं तर आधीच्या गुणांशी तुलना करता येत नाही. त्यामुळे येत्या काही वर्षांत डीकॅमकडे जावं लागेल अशी शक्यता असेल, तर आजच प्रत्येक उत्तरासोबत त्याचा पुरावा, तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं पद नोंदवून ठेवा. गुण पुन्हा द्यावे लागतील, पण पुरावे नव्या मॉडेलमध्येही वापरता येतील.