लॉर्ड हीथफील्डची तसबीर: जुनी मेझोटिंट घ्यावी की नवी रंगीत प्रत?

या चित्राचा जीव चावीत आहे. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनल्ड्सने १७८७ साली जनरल जॉर्ज ऑगस्टस इलियटला, म्हणजेच लॉर्ड हीथफील्डला, रंगवलं तेव्हा त्याच्या हातात तलवार दिली नाही. दिली ती स्पेनच्या दक्षिण टोकाजवळच्या, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जिब्राल्टरच्या किल्ल्याची भलीमोठी चावी; इलियट तिथला गव्हर्नर होता, आणि तिची साखळी त्याच्या हाताभोवती गुंडाळलेली. मागे धूर दाटलेला, तोफेचं तोंड खाली वळलेलं. जून १७७९ ते फेब्रुवारी १७८३ अशी साडेतीन वर्षांहून जास्त काळ स्पेन आणि फ्रान्सने या खडकाला वेढा दिला होता. सप्टेंबर १७८२ मध्ये त्यांनी तरंगते तोफखाने आणले, तेव्हा इलियटच्या गोलंदाजांनी भट्टीत लाल तापवलेले गोळे टाकून ते पेटवून दिले. शिपाई त्या गोळ्यांना ‘भाजलेले बटाटे’ म्हणत. चित्र झालं त्याच वर्षी इलियट लॉर्ड हीथफील्ड झाला. मूळ तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. भिंतीवर लावायला आपल्याला मिळते ती त्याची छापील प्रत, आणि तिचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार त्या काळातल्या मेझोटिंटचा. रिचर्ड अर्लमने या चित्राची मेझोटिंट १७८८ साली केली आणि जॉन बॉयडेलने ती प्रसिद्ध केली. या पद्धतीत तांब्याचा पत्रा दातेरी हत्याराने आधी सगळा खरबरीत करतात. तसाच छापला तर कागदावर नुसता मखमली काळोख उमटेल. मग जिथे उजेड हवा तिथे पत्रा खरवडून, घासून गुळगुळीत करत जायचं. म्हणजे चेहरा अंधारातून हळूहळू वर येतो. धुराने भरलेल्या या चित्राला याहून योग्य पद्धत मला तरी सुचत नाही. छपाई काळ्या शाईची, त्यामुळे इलियटच्या डगल्याचा लाल रंग इथे दिसत नाही, पण धूर दिसतो, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा.

दुसरा प्रकार आजच्या डिजिटल प्रतीचा, सुती कागदावर पिगमेंट शाईने छापलेली. लाल डगला, सोनेरी बटणं, म्हाताऱ्या चेहऱ्यावरची लाली, सगळं मिळतं, आणि भिंतीच्या मापाची मागवता येते. मात्र स्वस्तातली प्रत बहुतेक वेळा काळपट येते आणि चावी धुरात हरवते. म्हणून मागवण्याआधी चावी आणि साखळी यांचा मोठा केलेला फोटो विक्रेत्याकडे मागा. साखळीच्या कड्या सुट्या दिसत नसतील तर ती प्रत घेऊ नका.

मेझोटिंट घेताना खरी परीक्षा भिंगाखाली होते. एकसारख्या अंतरावर, ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर ती नंतरच्या काळातली यांत्रिक छपाई. प्रेसखाली पत्र्याच्या कडेने कागद दबून उमटलेली चौकोनी खाच शोधा. पण एवढ्यावर विसंबू नका, कारण अशी खाच मुद्दामही उमटवता येते. खाली चित्रकार, खोदकाम करणारा, प्रकाशक आणि तारीख यांची ओळ असते. कागद तिथूनच कापलेला असेल तर किंमत बरीच उतरायला हवी. आणखी एक गोष्ट: मेझोटिंटचा पत्रा लवकर झिजतो. आधी काढलेल्या प्रतींत काळा रंग गडद, भरदार असतो, उशिराच्या प्रतींत राखाडी आणि थकलेला. झिजलेली ‘अस्सल’ प्रत महाग घेण्यापेक्षा चांगली डिजिटल प्रत घेणं मला जास्त पटतं.

चौकट जुनी असेल तर चित्र उघडून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. मागे लाकडी फळी किंवा साधा पुठ्ठा असेल तर त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडलेला असतो. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) वापरायला सांगा, आणि चित्र डिंकाने किंवा चिकटपट्टीने नव्हे, जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून वरून टांगायला सांगा. काच कागदाला टेकता कामा नये. मुंबई-कोकणातल्या घरात हे दुप्पट लागू, कारण पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा साचतो, बुरशीचे डाग पडतात, कसर लागते.

ज्या भिंतीला ओल येते किंवा दुपारचं ऊन लागतं, तिथे डिजिटल प्रतच लावा. बिघडली तर दुसरी छापून घेता येईल. कोरडी, सावलीतली भिंत असेल आणि थोडं थांबायची तयारी असेल, तर अर्लमची गडद, न कापलेली प्रत मिळेपर्यंत थांबा.