स्टीलची टाकी, तांब्याचा गुंड आणि जुना ड्रम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पोळा झाला त्या आठवड्यात आम्ही यवतमाळहून ५० लिटरची स्टीलची टाकी आणली, खाली तोटी असलेली. आता मे संपत आलाय. गावातल्या चार-पाच जणींनी "घ्यावी का?" असं विचारलं, आणि दरवेळी उभ्या-उभ्या सांगताना अर्धं राहून जातं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, त्यामुळे पिण्याचं पाणी साठवूनच ठेवावं लागतं. आधी त्यासाठी निळा प्लॅस्टिकचा ड्रम होता, सात-आठ वर्षांचा. आतून बोट फिरवलं की बुळबुळ लागायची. काथ्याने खसाखसा घासून धुतला की दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी नळाच्या पाण्यालाच दोष देत होते. पण ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक दादा नळाच्या पाण्यात थेंब टाकून तपासतात, ते पाणी छान पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन होतं. मी त्यांना एकदा ड्रममधलं दुसऱ्या दिवशीचं पाणी दिलं. ते पांढरंच राहिलं. पाणी तेच, फक्त एक रात्र ड्रममध्ये राहिलेलं.

तिथून मी या बुळबुळीच्या मागे लागले. तिला बायोफिल्म म्हणतात. पाण्यातले जिवाणू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडून त्यात घर करतात. सकाळी दातांवर जिभेला जो थर लागतो, तोही हाच प्रकार. लेव्हेनहूक नावाच्या डच माणसाने १६८३ साली आपल्या दातांवरचा थर भिंगाखाली धरून त्यातले हलणारे जीव पाहिले होते. या थराची खोड अशी की क्लोरीन त्याच्या वरच्या पदरातच खर्ची पडतं, आतले जिवाणू सुखरूप राहतात. शिवाय क्लोरीन असं संपलं की उरलेल्या पाण्याला राखण राहत नाही. थरातले सगळेच जिवाणू आजार करणारे नसतात, पण एखादा आजाराचा जिवाणू पाण्यात आला तर त्याला लपायला जागा तयार असते.

आता भांड्याची गोष्ट. एक जिवाणू साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. काथ्या आणि तारेच्या घासणीने ड्रमला आतून जे ओरखडे पडले होते, ते त्याच्यासाठी नाल्यासारखे खोल. त्यात तो बसला की पाण्याची धारही लागत नाही आणि ब्रशही पोचत नाही. म्हणजे मी वर्षानुवर्षं ड्रम साफ करत होते आणि दरवेळी जिवाणूंना नवी जागा कोरून देत होते. हे कळलं त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. त्यात ड्रम दोन उन्हाळे अंगणात होता. उन्हाने प्लॅस्टिक पांढुरकं, खरबरीत होतं, हात फिरवला की भुकटी लागते, ती तशी लागत होती.

टाकी घेतली तेव्हा दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, "चिकटत नाही, म्हणजे ३०४." ३०४ म्हणजे स्टीलची चांगली ग्रेड. मी ऐकून घेतलं. नंतर कळलं की स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका, बिलावर ग्रेड लिहून मागा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियममुळे वर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच गंजापासून वाचवतो. अन्नाला लागणाऱ्या स्टीलचा खरबरीतपणा ०.८ मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवतात, म्हणजे जिवाणूच्या अंगापेक्षाही कमी.

एप्रिलपर्यंत टाकीने काहीही त्रास दिला नाही. गावात पाणी तपासायचं किट आहे, त्यात एक छोटी बाटली असते. पाणी भरून ठेवायचं, दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळं होतं. सप्टेंबरात ड्रमचं पाणी काळं झालं, टाकीचं नाही. मी ज्याला-त्याला सांगत सुटले.

सासूबाईंना मात्र धुण्याची नवी रीत पटत नव्हती. "राखेनं नाही, काथ्यानं नाही, त मंग भांडं घासाचं कायनं वं?" असं त्या विचारायच्या. मऊ कापड आणि थोडा साबण, मग स्वच्छ पाणी, मग क्लोरीनचं पाणी अर्धा तास, हा क्रम मी त्यांच्यासमोर दर आठवड्याला करत राहिले. आधी पुसून थर काढायचा आणि मगच क्लोरीन, हे महत्त्वाचं. ब्लिचिंग पावडर जाड टाकून टाकी रात्रभर ठेवू नका. जास्त क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि खड्डा म्हणजे पुन्हा तीच जागा.

एक गोष्ट मी घरीच करून पाहिली. ड्रमच्या धुतलेल्या झाकणावर पाणी शिंपडलं तर त्याचे मणी झाले, टाकीच्या झाकणावर पाणी पसरलं. प्लॅस्टिक पाणी दूर ठेवतं, स्टील जवळ करतं. मला वाटलं, ज्याला पाणी चिकटत नाही त्याला जिवाणूही चिकटणार नाहीत. तसं नाही. बऱ्याच जिवाणूंना अशी पाणी झटकणारी जागाच सोयीची पडते. शिवाय काही तासांतच पाण्यातल्या विरघळलेल्या गोष्टींचा एक सूक्ष्म लेप कुठल्याही भिंतीवर बसतो, मग खालचं प्लॅस्टिक की स्टील हा फरक बराच बुजतो. ओरखडा मात्र बुजत नाही.

एप्रिलात घोळ झाला. टाकीच्या तोटीतून भरलेली बाटली काळी झाली. माझ्या पोटात गोळाच आला, कारण घरात दीड वर्षाचा नातू आहे. मग वरून, धुतलेल्या ओगराळ्याने काढलेलं पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं. ते दोन दिवस तसंच राहिलं. पाणी तेच, मग खोट तोटीत. मुलाने पान्हा लावून तोटी उघडली. आत काळा रबरी वायसर होता, कडेने भेगाळलेला, आणि भेगांत तपकिरी गिळगिळीत लगदा. नखाने ओढला तर दोऱ्यासारखा लांब आला. वास कुजट. टाकीच्या तळाशी जिथे पत्र्याचा जोड आहे, तिथेही बोटाला तीच बुळबुळ लागली, बाकी भिंत स्वच्छ. जोडावर स्टील गुळगुळीत केलेलंच नव्हतं. एवढे पैसे मोजून आतला जोड खरबरीत द्यावा, याचा मला राग आहे. ज्याने विकली त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला सगळ्या टाक्या अशाच येतात.

आता सिलिकॉनचा वायसर बसवला आहे. दर पंधरा दिवसांनी तोटी खोलते, जोडावरून जुन्या मऊ दातब्रशने फिरवते. त्यानंतर दोनदा बाटली भरली, दोन्ही वेळा पाणी काळं झालं नाही.

तांब्याचा गुंडही याच नऊ महिन्यांत रोज वापरात आहे, सासूबाईंच्या माहेरचा. तांब्याचे कण पाण्यात उतरून जिवाणूंना मारतात, हे खरं आहे. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी जुलाबाचे जिवाणू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं, तेव्हा ते जिवाणू वाढवून पाहिले तरी सापडले नाहीत. पण पाण्याला उघडं तांबं लागायला हवं. आमचं पाणी जड, महिनाभरात आतून क्षाराचा पांढरा थर बसला, आणि जानेवारीत त्या थरावर मला चक्क बुळबुळ लागली. फिनलंडमध्ये नळाच्या पाइपांवर झालेल्या कामातही असंच दिसलं होतं: तांब्यावर जिवाणूंचा थर उशिरा वाढला, पण २०० दिवसांनी प्लॅस्टिकच्या पाइपातल्याएवढेच जिवाणू होते. आता आठवड्याला चिंचेने आतून लख्ख करते आणि खळखळून धुते. त्यात ताक किंवा लिंबूपाणी कधीच ठेवत नाही.

टाकी पुन्हा घेईन का? घेईन. पण दुकानात झाकण काढून आधी तळाच्या जोडावरून बोट फिरवेन, नखाला अडलं तर दुसरी मागेन, आणि दोन सिलिकॉनचे वायसर सोबतच घेईन. तोटी हाताने खोलता येते का, तेही पाहीन. निळा ड्रम गोठ्याजवळ नेला आहे, सडा-सारवणाच्या पाण्यासाठी. परवा सासूबाईंनी शेजारच्या वहिनीच्या हातातली तारेची घासणी काढून घेतली आणि जुना गमछा दिला. "यानं पूस," म्हणाल्या, "अन् तोटी खोलून पाय आधी."