चॅनलचा अंदाज कोणी बांधायचा: बेस स्टेशनने की मोबाइलने?

अनेक अँटेनांचे बेस स्टेशन घेऊन खासगी ५जी जाळे किंवा चाचणी-व्यवस्था उभारणाऱ्याला एक निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. डाउनलिंकचे (बेस स्टेशनकडून मोबाइलकडे) प्रीकोडिंग, म्हणजे प्रत्येक अँटेनावरून संकेत किती जोराने आणि कोणत्या कलेने सोडायचा हे, मोबाइलने कोडबुकमधून (ठरलेल्या प्रीकोडरांच्या यादीतून) निवडून कळवलेल्या पीएमआयवर (त्या यादीतल्या क्रमांकावर) बेतायचे, की मोबाइलच्या एसआरएस (मोजणीसाठीच पाठवलेल्या) संकेतावरून अपलिंकचा (उलट दिशेचा) चॅनल, म्हणजे वाटेत संकेतात होणारा बदल, आपणच मोजायचा आणि परस्परतेच्या तत्त्वाने तोच डाउनलिंकचा मानायचा? बेस स्टेशनच्या शेड्युलरवर (कोणाला केव्हा, कसे पाठवायचे हे ठरवणाऱ्या भागावर) काम करताना ही निवड मला करावी लागली आणि माझा कल परस्परतेकडे झुकला. माझा अनुभव मात्र ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या टीडीडी (एकाच वारंवारतेवर दोन्ही दिशा आळीपाळीने) पट्ट्यातला, इमारतीत आणि आवारात सावकाश वावरणाऱ्या वापरकर्त्यांचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

ज्यांच्या हाती ७०० मेगाहर्ट्झसारखा एफडीडी पट्टा आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न फारसा उरत नाही. दोन्ही दिशांच्या वारंवारता वेगळ्या असल्याने तिथे फीडबॅकवाचून गत्यंतर नाही. अँटेना दोन-चारच असतील, तेव्हाही कोडबुकने काम भागते. एलटीईच्या पहिल्या आवृत्तीत चार अँटेनांसाठी सोळा प्रीकोडर होते आणि एकेका वापरकर्त्याला स्वतंत्रपणे सेवा देताना तेवढे पुष्कळ ठरत.

कोडबुकच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मोबाइल प्रत्यक्ष त्याच्यापर्यंत पोहोचलेला संकेत मोजतो, त्यात शेजारच्या सेलचा व्यत्ययही आलाच, आणि बेस स्टेशनला कॅलिब्रेशनची (स्वतःच्या यंत्रणेतले फरक मोजून भरून काढण्याची) चिंता राहत नाही. वायफायचे उदाहरण यासाठी बोलके आहे: २००९ च्या ८०२.११एन मानकात दोन्ही मार्ग खुले होते, तर २०१३ च्या ८०२.११एसीमध्ये केवळ स्पष्ट फीडबॅकचा मार्ग ठेवला गेला. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी जुळवायची असतील, तर तो निर्णय समजण्यासारखा आहे.

तरीही माझे मन कोडबुकवरून उडाले, ते एका त्रासामुळे. सीक्यूआयची (चॅनल कितपत चांगला हे मोबाइल कळवतो त्या आकड्याची) व्याख्या मानकात स्पष्ट आहे: ब्लॉक चुकण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहील असा सर्वांत वरचा स्तर मोबाइलने कळवायचा. मात्र तो स्तर आणि त्यासोबतचे रँक (एकाच वेळी पाठवायच्या प्रवाहांची संख्या) व पीएमआय कोणत्या गणिताने काढायचे, हे चिपसेट बनवणाऱ्यावर सोडलेले आहे. त्यामुळे एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन मोबाइलपैकी एक रँक दोन आणि चढा सीक्यूआय कळवत असे, तर दुसरा रँक चार आणि उतरता सीक्यूआय. दोघांपैकी बरोबर कोण, हे बेस स्टेशनकडून ठरवण्याचा मार्गच नव्हता. पोच-संकेतांवरून सीक्यूआयमध्ये सावकाश दुरुस्ती करणारा बाह्य लूप आम्ही लावला आणि मोठी फाइल उतरवताना तो आपले काम चोख करी. पण बहुतेक वापर तुटक, लहान लहान झटक्यांचा असतो आणि लूप स्थिरावण्याच्या आतच तो झटका संपून जातो. त्यात मोबाइलचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की त्याचे अहवाल बदलत आणि बसवलेली घडी विस्कटे. अनुकूलनाचा सारा डोलारा ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा कसा निघाला हे आपल्याला पाहता येऊ नये, हे मला अखेरपर्यंत पटले नाही.

एसआरएसच्या मार्गात अंदाज आपल्या हाती राहतो. गोंगाट कमी करण्याची पद्धत बदलून पाहता येते, जुना अंदाज किती काळ वापरायचा हे ठरवता येते, आणि निकाल बिघडला तर कारण आपल्याच नोंदींत शोधता येते. एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांना सेवा देताना तर फरक मला ठळक जाणवला, कारण दुसऱ्याच्या दिशेने नेमका शून्य टाकायला (तिकडे संकेत जाऊ न द्यायला) ५जीच्या साध्या, टाइप-१ कोडबुकची चाळण फार जाड पडते. टाइप-२ कोडबुक अनेक बीमचे (एकेका दिशेला रोखलेल्या झोतांचे) मिश्रण कळवते, त्यामुळे ते बरेच बारीक आहे. परंतु त्याचा अहवाल जड असतो आणि प्रत्येक मोबाइलने ते पुरवलेच पाहिजे असे बंधन नाही.

परस्परतेची किंमत कॅलिब्रेशनच्या रूपाने चुकवावी लागते. हवेतला मार्ग दोन्ही दिशांना सारखा असला, तरी अँटेनामागच्या प्रेषक (पाठवणाऱ्या) आणि ग्राहक (ग्रहण करणाऱ्या) साखळ्या सारख्या नसतात. सुदैवाने बेस स्टेशनच्या अँटेनांमधले सापेक्ष गुणोत्तर सांभाळले की बीमची दिशा साधते. राइस विद्यापीठातील आर्गोस प्रकल्पाने २०१२ मध्ये एका संदर्भ-अँटेनाच्या साह्याने हे करून दाखवले होते. उन्हात तापणाऱ्या गच्चीवरील युनिटला हे काम वारंवार करावे लागते, पण ते यंत्रालाच सोपवता येते.

वेगाचा हिशेबही पाहावा. ३.५ गिगाहर्ट्झला ताशी ३ किलोमीटरने चालणाऱ्या माणसाचे डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) सुमारे १० हर्ट्झ भरते, म्हणजे चॅनल चाळीसेक मिलिसेकंद बऱ्यापैकी टिकतो. ताशी ३० किलोमीटरला ही मुदत चार मिलिसेकंदांवर येते. तिथे दोन्ही मार्गांचा अंदाज शिळा होतो आणि रुंद बीमचे साधे प्रीकोडिंगच अधिक भरवशाचे वाटते.

परस्परता निवडणाऱ्याने दोन गोष्टी आधी तपासाव्यात. मोबाइलला ग्राहक अँटेना चार असल्या, तरी तो प्रेषण बहुधा एक-दोनच अँटेनांवरून करतो. पाळीपाळीने चारही अँटेनांवरून एसआरएस पाठवण्याची सोय त्यात नसेल, तर चॅनलचा केवळ एक भागच हाती लागतो. दुसरे असे की मोबाइलची कमाल शक्ती साधारणपणे २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉटच असते, त्यामुळे सेलच्या कडेला एसआरएस गोंगाटात बुडतो. यासाठी आम्ही पीएमआय पूर्णपणे सोडला नाही. एसआरएसचे संकेत-गोंगाट गुणोत्तर ठरावीक पातळीखाली गेले की शेड्युलर त्या वापरकर्त्यापुरता कोडबुकवर येतो. आणि व्यत्ययाची पातळी एसआरएसमधून कळतच नसल्याने एमसीएस (मॉड्युलेशन व कोडिंगचा स्तर) ठरवताना सीक्यूआयचा सल्ला सर्वांसाठीच घेतला जातो, दिशा मात्र आम्ही मोजलेली असते.