सुटी टाइल की बांधीव वही?

झेनटँगल म्हणजे साध्या रेघांचे पॅटर्न पुन्हा पुन्हा काढत चित्र घडवण्याची पद्धत. तिच्यात पेनाचा प्रश्न लवकर सुटतो. ०.२५ मिमी रेघेचा ०१ नंबरचा मायक्रॉन पेन बहुतेकांच्या हातात बसतो आणि तिथेच राहतो. पेच पडतो तो कागदाचा: साडेतीन इंची सुट्या चौकोनी टाइल, म्हणजे जाड कागदाचे तुकडे, घ्याव्यात की एखादी चांगली बांधीव स्केचबुक? मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत.

वहीची सोय नाकारता येत नाही. काही हरवत नाही, नव्या पॅटर्नच्या पायऱ्या एका पानावर ओळीने मांडता येतात, आणि पानं उलटताना आपला हात कसा बसत गेला हेही दिसतं.

माझ्यापुरता निर्णय मात्र कागद फिरवण्यावर झाला. रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस यांनी घडवलेल्या या पद्धतीत टाइलला वर-खाली नसतं. मनगट वाकवायचं नाही, टाइल वळवायची. ‘क्रेसेंट मून’ हा पॅटर्न काढून पाहा. कडेला अर्धचंद्र, त्यांच्याभोवती ऑरा, म्हणजे आकाराला समांतर जाणारी रेघ, मग पुन्हा ऑरा. बाजू बदलली की टाइल बोटाने फिरवायची. प्रत्येक वळण हाताला सोयीच्या दिशेनेच येतं आणि श्वासाची लय तुटत नाही. वहीत हेच करताना उघडलेलं दुसरं पान सोबत फिरतं, टेबलावरची पेन्सिल ढकलतं, म्हणून आपण नकळत वही स्थिर ठेवून मनगट वाकवू लागतो. शिवणीजवळ पान फुगलेलं असतं, तिथे तर समांतर रेघा हमखास थरथरतात. स्पायरल वही सपाट उघडते खरी, पण तिची तार तळहाताला टोचते. ज्या कामात मन शांत व्हायचं, त्यात दर दोन मिनिटांनी हा अडथळा मला सहन होईना. कदाचित तुमच्या हाताला तो जाणवणारही नाही.

शेडिंगचंही तेच. पेन्सिलीचं ग्रॅफाइट कागदी स्टंपने, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीने, पसरवून वही मिटली की समोरच्या पानावर करडा डाग उमटतो. मध्ये पातळ कागद ठेवला तर भागतं.

टाइलही बिनतक्रार नाहीत. मूळ टाइलचा इटालियन सुती कागद सुरेख आहे, पण महाग वाटू शकतो. शिवाय ठेवायला डबी लागतेच. त्या बदल्यात एका बैठकीत चित्र पुरं होतं, आणि तयार टाइल शेजारी-शेजारी लावून हवी तशी मोठी रचना जुळवता येते. वर-खाली ठरलेलं नसल्याचा इथे पुन्हा फायदा होतो.

पायऱ्यांच्या सरावाला साधी वही जरूर असू द्या. पण सध्या एकच काही घ्यायचं असेल, तर जाड सुती कागदाचा एक मोठा ताव आणा, ८.९ सेंमीचे चौकोन कापा आणि त्यावर सुरुवात करा.