ऑक्टाव्हिया व्हीआरएसला ऑइल कूलर : नऊ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर सातव्या लॅपला मीटरमध्ये ऑइलचं तापमान १३४ अंश दिसलं आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, २३० पीएस ताकदीची, इंजिनात काहीही फेरफार न केलेली. पुण्यात रोजच्या वापरात हाच आकडा ९५ ते १०० असतो, पसरणी घाट जोरात चढला तर ११० पर्यंत जातो. तिथवर मला कधी काळजी वाटली नव्हती. १३० च्या पुढे मात्र ऑइल पातळ होतं, दाब उतरतो, आणि बेअरिंगवरचा थर जिथे सगळ्यात जास्त हवा तिथेच तो विरळ होतो. ही गाडी मला अजून दहा वर्षं ठेवायची आहे, म्हणून जूनमध्ये वेगळा कूलर बसवला.

कंपनीचा कूलर गाडीत असतोच, पण तो पाण्यावर चालतो, म्हणजे ऑइलची उष्णता कूलंटकडे सोपवतो. ट्रॅकवर कूलंटच शंभरी गाठायला लागलं की ऑइल त्याच्या खाली उतरणार कसं? शिवाय या इंजिनात पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलची पिचकारी उडते आणि टर्बोचा दांडाही ऑइलवरच फिरतो. तिथली सगळी धग शेवटी याच पावणेसहा लिटर ऑइलमध्ये उतरते. म्हणून वाऱ्यावर थंड होणारा कूलर घेतला, थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटसह, म्हणजे इंजिनातलं ऑइल कूलरकडे वळवणाऱ्या जोडणीच्या चकतीसह. ऑइल ८०-८५ अंशांना येईपर्यंत प्लेट ते कूलरकडे फारसं सोडत नाही.

थर्मोस्टॅटवर पैसे वाचवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे कसली आलीय थंडी, असं मलाही बऱ्याच जणांनी ऐकवलं. पण डिसेंबरातल्या सकाळी ऑइल तापायला वेळ लागतोच. ते नीट तापलं नाही, तर त्यात मिसळलेलं पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात हा त्रास जास्त. माझ्या मीटरवर ५० अंशांपर्यंत नुसत्या रेघा दिसतात, मग आकडा येतो. घरापासून ८० व्हायला पूर्वी दहा-बारा किलोमीटर लागायचे, आजही तेवढेच लागतात. म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम चोख करतोय.

बसवण्याचा अनुभव मात्र कटू होता. ज्या वर्कशॉपने काम केलं त्यांनी होस पाईप बंपरच्या आतल्या पत्र्याच्या कडेला टेकवून नेला होता. सहा आठवड्यांनी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. खाली वाकून बॅटरी मारली, तर पाईपाचं वरचं विणकाम झिजून आतलं रबर उघडं पडलेलं. हा पाईप घाटात फुटला असता तर काही सेकंदांत ऑइल रस्त्यावर आणि इंजिन कायमचं गेलं असतं. पाईप बदलून घेतला, कडेला रबरी पट्टी लावली आणि दोन क्लॅम्प वाढवले. तुम्ही कुठूनही काम करून घ्या, बंपर परत चढवण्याआधी प्रत्येक पाईप स्वतः हाताने हलवून बघा.

ऑक्टोबरात पुन्हा कारीला गेलो. एवढ्या खर्चानंतर आकडा १२८! फार निराश झालो. कूलर बंपरच्या खालच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे होता, समोर जाळी होती, मग अडलं कुठे? उत्तर भोसरीच्या एका पत्राकाम करणाऱ्या काकांनी दिलं. त्यांनी कूलरमागे हात घातला आणि म्हणाले, "वारा आत घेतलास रे, पण बाहेर कुठून जाणार?" मागे चाकाचं प्लॅस्टिक अस्तर सरळ भिंतीसारखं उभं होतं. शिवाय पुढून येणारी निम्मी हवा कूलरच्या कडांवरून निसटत होती, कारण हवेला सोपी वाट मिळाली की ती कूलरच्या दाट फिन्समधून, म्हणजे पातळ पट्ट्यांमधून, कशाला जाईल? काकांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा खोका केला, जाळीपासून कूलरच्या चौकटीपर्यंत, कडांना फोमची पट्टी. अस्तरात चार आडव्या फटी पाडल्या, मागे तोंड असलेल्या, म्हणजे चाकाचा चिखल आत येत नाही. खर्च अठराशे रुपये. कूलर आणि मजुरी मिळून त्याआधी पंचेचाळीस हजार गेले होते.

या फेब्रुवारीत तोच ट्रॅक, जवळपास तसंच ऊन. वीस मिनिटांच्या अख्ख्या सेशनमध्ये ऑइल ११८ च्या वर गेलं नाही. एक लॅप सावकाश मारला की १०८ वर येतं, पूर्वी तेवढ्याने काही फरक पडायचा नाही. कूलर त्याच मापाचा, त्याच जागी. अठराशे रुपयांच्या पत्र्याने दहा अंश खाली आणले. म्हणून मोठ्या कूलरच्या मागे लागण्याआधी हवेची वाट तपासा.

देखभाल वाढते, हे धरून चाला. जानेवारीत कोल्हापूरहून परतलो तेव्हा ऊसतोडीचा हंगाम होता. फिन्समध्ये पाचटाची बारीक कुसळं आणि किडे असे गच्च बसले होते की पलीकडचं काही दिसत नव्हतं. मऊ ब्रश आणि साध्या नळाचं पाणी पुरतं. प्रेशर वॉशर मारू नका, फिन्स आडव्या होतात. ऑइल आता साधारण पाऊण लिटर जास्त लागतं. मी फोक्सवॅगनच्या व्हीडब्ल्यू ५०२ ०० मान्यतेचं ५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल वापरतो आणि ते साडेसात हजार किलोमीटरला बदलतो.

तुमची गाडी ऑफिस, एक्स्प्रेसवे आणि महिन्यातून एकदा महाबळेश्वर एवढीच फिरत असेल तर हा खर्च करू नका. चांगलं ऑइल वेळेवर बदला, घाट संपल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवा, पुरे आहे. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यांना मी हा कूलर निःशंक सुचवेन, फक्त यामुळे डीएसजीचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, ऑइल थंड होत नाही हे ध्यानात ठेवा. ते वेगळं असतं आणि त्याचं तापमान मीटरवर दिसतही नाही. मी वीस मिनिटांनंतर अजूनही पिटमध्ये येतो ते गिअरबॉक्ससाठी.